थेंबभर रस, एक आकडा

लिंबाच्या रसाचा थेंब डिजिटल रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला की पडद्यावर 8 च्या आसपास आकडा उमटतो. बेताच्या गोडीच्या कलिंगडाचाही 8 किंवा 9 येतो. लाल कांदा किसून, पिळून त्याचा रस घातला तर 11, कधी 12. आकड्यांवर विसंबायचं तर कांदा कलिंगडापेक्षा गोड ठरतो आणि लिंबू कलिंगडाच्या पंगतीला येऊन बसतं. यंत्र बिघडलेलं नसतं. बाजारात ते ‘साखर मोजायचं मशीन’ म्हणून विकलं जातं, द्राक्षबागेत त्याला सरळ ‘शुगर मीटर’ म्हणतात. पण साखर नावाचा पदार्थ त्याला ओळखताच येत नाही. प्रकाश किती वाकला, एवढंच त्याला कळतं. त्या वाकण्यावरून साखरेचा अंदाज बांधायचा असतो, आणि तो अंदाज कुठे चालतो, कुठे फसतो हे यंत्र हाताळणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

पाण्याच्या ग्लासात तिरकी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते. दहावीच्या विज्ञानात आपण ते अपवर्तन शिकलो. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक 20 अंश सेल्सिअसला 1.3330 असतो. पाण्यात साखर विरघळली की तो वाढतो: 10 टक्क्यांच्या द्रावणाला 1.3478, 20 टक्क्यांना 1.3638, 50 टक्क्यांना 1.4200. ही वाढ इतकी शिस्तीची आहे की तक्ता हाताशी असेल तर अपवर्तनांकावरून साखरेचं प्रमाण थेट वाचता येतं.

अडचण आहे ती अपवर्तनांक मोजण्याची. किरण किती वाकला हे पातेल्यात कोनमापक बुडवून बघता येत नाही. यावर जर्मनीतल्या येना शहरात एर्न्स्ट आब्बे या भौतिकशास्त्रज्ञाने तोडगा काढला आणि 1874 मध्ये आपल्या रिफ्रॅक्टोमीटरची रचना प्रसिद्ध केली. त्याने किरणाचं वाकणं थेट मोजण्याचा नाद सोडला. काचेच्या लोलकावर रसाचा पातळ थर ठेवायचा आणि प्रकाश काचेतून रसाकडे जाऊ द्यायचा. किरण फारसे तिरपे नसतील तर ते रसात शिरतात. एका ठरावीक कोनापलीकडे मात्र सगळा प्रकाश काचेतच परत फिरतो. हा क्रांतिक कोन. तो रसाच्या अपवर्तनांकावर अवलंबून असतो. 1.52 अपवर्तनांकाची साधी काच घेतली तर शुद्ध पाण्यासाठी तो 61 अंशांच्या थोडा वर आणि 20 टक्के साखरपाण्यासाठी 64 अंशांच्या थोडा खाली येतो. म्हणजे कडू काकडीपासून पिकल्या द्राक्षापर्यंतचा सगळा पल्ला अडीच अंशांत मावतो. 0.1 चा फरक दाखवायचा तर एका अंशाचा ऐंशीवा भाग ओळखता यायला हवा. खिशात मावणारं यंत्र हे करतं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

जुन्या दुर्बिणीसारख्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये हे काम आपला डोळा करतो. उजेडाकडे तोंड करून आत बघितलं की वर निळा आणि खाली पांढरा भाग दिसतो. दोघांची सीमारेषा ज्या आकड्यावर, तो आकडा आपला. दोन माणसं बघणार आणि दोघांचे आकडे वेगळे येणार, हे ठरलेलं. व्यापाऱ्याला नेहमी अर्धा कमी दिसतो आणि बागायतदाराला अर्धा जास्त! डिजिटल यंत्रात डोळ्याच्या जागी प्रकाशसंवेदी बिंदूंची एक ओळ असते आणि आकाशाच्या जागी छोटा एलईडी. या दिव्याची तरंगलांबी 589 नॅनोमीटर, म्हणजे रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश, कारण सगळे तक्ते त्याच रंगासाठी बनले आहेत. लोलकाच्या तळाशी आदळून परतणारा प्रकाश त्या ओळीवर पडतो, उजेड कुठे संपला नि अंधार कुठे सुरू झाला हे चिप शोधते, आणि दोन-तीन सेकंदांत आकडा येतो. रस काळपट असो वा गढूळ, फारसा फरक पडत नाही, कारण प्रकाश रसाच्या आरपार जातच नाही. काचेला चिकटलेल्या अगदी पातळ थराशीच त्याचा संबंध येतो. एक त्रास मात्र डिजिटल यंत्राचा स्वतःचा आहे. भर उन्हात बाहेरचा प्रकाश आत शिरला की ते गोंधळतं. लोलकावर हाताची सावली धरावी.

आकड्यापुढे जे ब्रिक्स लिहिलेलं असतं ते आडोल्फ ब्रिक्स या प्रशियन गणितज्ञ-अभियंत्याचं नाव. एकोणिसाव्या शतकात प्रशियात बीटपासून साखर करण्याचा उद्योग फोफावला होता, आणि रसात साखर किती हे पटकन कळण्याची कारखान्यांना निकड होती. प्रागमधल्या कार्ल बालिंगने 1843 मध्ये रसाच्या घनतेवरून साखर सांगणारी मोजपट्टी तयार केली होती. ब्रिक्सने ती अधिक काटेकोर केली. व्याख्या सोपी आहे: 100 ग्रॅम द्रावणात जितके ग्रॅम ऊससाखर, तितके ब्रिक्स. ही मोजणी मूळची रसात तरंगणाऱ्या काचेच्या नळीची होती. प्रकाशाने मोजणारी यंत्रं आली तेव्हा त्यांनीही तीच पट्टी उचलली.

व्याख्येतला ‘ऊससाखर’ हा शब्द इथे कळीचा. तक्ता बनवताना पाण्यात फक्त ऊससाखर होती. आपण मात्र यंत्रावर लिंबू पिळतो. लिंबाच्या रसात साखर असते दोन-तीन टक्के, सायट्रिक आम्ल पाच-सहा टक्के. प्रकाशाला दोन्ही वाकवतात आणि यंत्र दोन्ही साखरेच्या खात्यात टाकतं. 10 टक्के मिठाचं पाणी घातलं तर आकडा 12 च्या जवळपास येतो, कारण मीठ साखरेपेक्षाही थोडं जास्त वाकवतं. म्हणून प्रयोगशाळेतले लोक गोडी म्हणत नाहीत, ‘एकूण विद्राव्य घनपदार्थ’ म्हणतात, किंवा सुटसुटीतपणे टीएसएस. कांद्याच्या 12 मध्ये साखर आहे, फ्रुक्टान नावाची साखरेच्या साखळ्यांची कर्बोदकं आहेत, आणखी बरंच काही आहे. त्यातली गोडी कांद्याच्या झणक्यामागे लपते. तोच कांदा परतला, तिखटपणा उडून गेला की ती जिभेला कळते. पण जळगावसारख्या ठिकाणी कांदा वाळवणाऱ्या उद्योगाला गोडीशी देणंघेणं नसतं. त्याला जास्त टीएसएसचा पांढरा कांदा लागतो, कारण 12 चा कांदा 18 वर गेला तर तेवढ्याच वाळलेल्या मालासाठी पाणी कितीतरी कमी उडवावं लागतं. विजेच्या बिलाच्या भाषेत तो आकडा फार बोलका आहे.

यंत्राची खरी कर्मभूमी म्हणजे ऊस. उसाच्या रसात विरघळलेल्या ऐवजातला बहुतांश भाग ऊससाखरच असतो, त्यामुळे तिथे ब्रिक्स फारसा खोटं बोलत नाही. ऊस बुडख्याकडून पिकत शेंड्याकडे जातो. कच्च्या उसाच्या बुडख्याच्या कांडीत 18 असेल तर शेंड्याकडच्या कांडीत 12-13 सापडतील. दोन्ही ठिकाणी टोचून थेंब थेंब रस घ्यायचा आणि शेंड्याच्या आकड्याला बुडख्याच्या आकड्याने भागायचं. उत्तर 1 च्या जवळ आलं आणि आकडा 18 च्या वर असला की ऊस तोडीला आला. 1 च्या वर गेलं तर तोडीची वेळ टळून चालली आहे, बुडख्यातली साखर उतरायला लागली आहे. साध्या भागाकाराने एवढं कळतं, हे मला या यंत्राचं सर्वांत देखणं काम वाटतं. लागणीची तारीख आणि जात कागदावर असते. पण शेताची निचऱ्याची अवस्था, शेवटचं पाणी कधी दिलं, नत्र किती उशिरा टाकलं, हे सगळं त्या दोन थेंबांत उतरलेलं असतं.

तरीही साखर कारखाना ब्रिक्सवर थांबत नाही. त्याच्या प्रयोगशाळेत दुसरं यंत्र असतं, पोलरीमीटर. ऊससाखर ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवते आणि किती फिरवलं यावरून ‘पोल’ मिळतो. ब्रिक्स 20 आणि पोल 17 असेल तर शुद्धता 85 टक्के. उरलेल्या 3 मध्ये ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, आम्लं येतात, आणि त्यांतली काही ऊससाखरेला स्फटिक होऊ देत नाहीत, मळीत ओढून नेतात. दोन शेतांच्या उसाचा ब्रिक्स सारखा असूनही एकातून साखर जास्त निघते ती याच्यामुळे. सरकारची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, तर त्याच्याही पुढच्या टप्प्यावर, म्हणजे पोत्यात पडलेल्या साखरेच्या उताऱ्यावर बांधलेली आहे: 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये. हा उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी. त्यामुळे 22 ब्रिक्सचा ऊस आणणाऱ्याला आणि 17 चा आणणाऱ्याला भाव एकच मिळतो. खिशातलं यंत्र शेतकऱ्याला त्याच्या उसाची लायकी सांगतं, पण बिलात ती दिसत नाही. माझ्या मते मापनाची सोय इतकी स्वस्त झाल्यावर ही पद्धत तपासून बघायला हवी. ते सोपं नाही, हेही मान्य.

द्राक्षात गणित वेगळं. नाशिक, सांगली, सोलापूरकडे हंगामात ‘गोडी किती आली?’ हा प्रश्न ब्रिक्सच्याच आकड्यात विचारला जातो. निर्यातीच्या थॉमसन जातीच्या मालाला साधारण 16 ते 18 मागतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात बिनबियांच्या द्राक्षांसाठी किमान आकडा 14 आहे, पण तेवढ्यावर युरोपातला ग्राहक खूश होत नाही. भांडणं होतात ती नमुन्यावरून. घडाच्या खांद्यावरचा मणी गोड, टोकाचा कमी गोड. उन्हाच्या बाजूचा घड एक सांगतो, पानांआडचा दुसरंच. एक लठ्ठ, पिवळसर मणी निवडून यंत्रावर पिळला की हवा तो आकडा काढता येतो, आणि हे दोन्ही पक्षांना चांगलं माहीत असतं. प्रामाणिक पद्धत एकच: बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून घड घ्यायचे, प्रत्येक घडाचे वरचे, मधले, टोकाचे मणी काढायचे, सगळ्यांचा रस एकत्र करून गाळायचा आणि त्यातला थेंब तपासायचा. यंत्राची अचूकता 0.2 ब्रिक्सची असते. नमुना चुकला तर गफलत 3 ब्रिक्सची होते. महाग यंत्रावर पैसे घालणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

आणि 17 ब्रिक्सची दोन द्राक्षं चवीला सारखी असतीलच असंही नाही. एकात आम्ल 0.5 टक्के असेल तर गुणोत्तर 34 येतं, दुसऱ्यात 0.8 असेल तर 21. पहिलं मधाळ लागेल, दुसरं चटपटीत. जिभेला गोडी आणि आंबटपणा यांची जोडी कळते. रिफ्रॅक्टोमीटरला दोन्ही एकाच बाजूला दिसतात.

वायनरीत रस आंबवण्याआधी हा आकडा भविष्य सांगतो: ब्रिक्सला 0.55 ने गुणलं की मद्यार्काची अंदाजे टक्केवारी मिळते, 22 ब्रिक्सपासून सुमारे 12 टक्के. आंबणं एकदा सुरू झालं की मात्र यंत्रावर भरवसा ठेवू नये. मद्यार्कही पाण्यापेक्षा जास्त प्रकाश वाकवतो. साखर पार संपलेल्या कोरड्या वाइनचा थेंब ठेवला तरी 6-7 ब्रिक्स दिसतात. घरी वाइन करणारे पुष्कळ जण इथे चकतात आणि ‘साखर अजून उरलीय’ म्हणून वाट बघत बसतात.

आंब्याचा किस्सा उलटा आहे. झाडावरून काढलेल्या हिरव्या हापूसच्या गराचा आकडा एक अंकी असतो. अढीत घातलेल्या आंब्याला बाहेरून काहीही मिळत नाही, तरी पिकल्यावर त्याचा आकडा 18 च्या घरात जातो. कच्च्या आंब्यात पिष्ट होतं. पिष्टाचे कण विरघळलेले नसतात, त्यामुळे यंत्राच्या लेखी ते नव्हतेच. पिकताना त्यांची साखर झाली, ती रसात उतरली आणि मगच यंत्राला दिसली.

मधुमेही माणसाने हे उदाहरण नीट ध्यानात ठेवावं. भाताची पेज यंत्रावर ठेवली तर आकडा अगदी लहान येईल. पोटात गेल्यावर त्याच पेजेचं ग्लुकोज होतं. उलट सॉर्बिटॉल घातलेल्या ‘साखरमुक्त’ पाकाचा आकडा भरपूर येईल, आणि त्यात ऊससाखरेचा कणही नसेल. गॅस काढून टाकलेलं नेहमीचं कोला पेय 10-11 दाखवतं आणि त्याचं डाएट भावंड शून्याजवळ, तेवढी तुलना खरी उतरते. पण ताटातल्या जेवणाने रक्तातली साखर किती वाढेल हे विचारायला हे यंत्र वापरणं धोक्याचं आहे. त्यासाठी रक्त तपासणारं यंत्र वेगळं असतं.

स्वयंपाकघरात आणि घरगुती उद्योगात मात्र त्याचा सरळ उपयोग आहे. आपल्याकडच्या कायद्यानुसार जॅममध्ये विद्राव्य घनपदार्थ किमान 65 टक्के लागतात, स्क्वॉशमध्ये 40, थेट पिण्याच्या फळपेयात 10. बचत गटाच्या बाया एकतारी-दोनतारीचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या बोटांनी घेत आल्या आहेत आणि तो चुकतो असं मी म्हणणार नाही. पण बाटलीवर परवान्याचा क्रमांक छापायचा असेल तर प्रत्येक घाण्याचा आकडा वहीत लागतो. उकळता पाक लोलकावर टाकू नये. त्यातलं पाणी क्षणात उडतं, आकडा फुगतो, शिवाय लोलकाचं तापमान बिघडतं. चमच्यात घेऊन झाकून निववावा. तापमान म्हणजे किरकोळ बाब नव्हे: रस तापला की अपवर्तनांक घटतो, आणि 20 ऐवजी 30 अंशांवर मोजलं तर साधारण पाऊण ब्रिक्स कमी दिसतो. डिजिटल यंत्रं स्वतः तापमान मोजून ही दुरुस्ती करतात, पण ठरावीक मर्यादेत, आणि थेंबाचं नि लोलकाचं तापमान एक झाल्यावरच. थेंब टाकून अर्धा मिनिट थांबणं एवढाच त्याचा खर्च.

मध तपासणाऱ्यांना दोन सूचना. खिशातली बरीचशी यंत्रं 0 ते 53 ब्रिक्सपर्यंतच मोजतात. मध 80 च्या आसपास असतो, तेव्हा त्यासाठीचं वेगळं मॉडेल घ्यावं लागतं. आणि मधाचा ब्रिक्स 80 आला म्हणजे पाणी 20 टक्के असं धरू नये. मधात ग्लुकोज-फ्रुक्टोज असतात, त्यांचा तक्ता निराळा. खरं पाणी त्याहून दीड टक्क्याच्या आसपास कमी निघतं. आपल्याकडे मधात पाण्याची मर्यादा 20 टक्के आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या मधाच्या गावात पाणी किती हे कळणं कामाचं आहे, कारण पातळ मध आंबतो. पण मध अस्सल आहे का, हे यंत्राला विचारू नये. साखरेचं विघटन करून केलेला सिरप तितक्याच पाण्याचा असेल तर तोही अगदी तसाच आकडा दाखवतो. ‘ब्रिक्स 81, शुद्धतेची हमी’ असं सांगणारा विक्रेता एकतर अजाण असतो किंवा फार जाणता.

सगळ्यांत गमतीचा उपयोग गोठ्यातला. व्यालेल्या गाईच्या पहिल्या धारेचा चीक या यंत्रावर तपासतात. तिथे साखरेचा काही संबंध नसतो. चिकातली प्रथिनं प्रकाश वाकवतात. आकडा 22 किंवा जास्त आला तर लिटरमागे सुमारे 50 ग्रॅम प्रतिपिंडं आहेत असं धरतात, आणि तो चीक वासराला पहिल्या काही तासांत पाजायच्या लायकीचा ठरतो. आकडा बघितला की वासराचा वाटा आधी बाजूला काढायचा, खरवस नंतर.

थोडक्यात, रसात काय विरघळलेलं आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल तर किती विरघळलं आहे हे रिफ्रॅक्टोमीटर उत्तम सांगतो. घ्यायचा असेल तर आधी पल्ला बघा: फळं-ऊस यांना 0 ते 53 पुरतो, जॅम-पाक-मधाला वरचा लागतो. रोज सुरुवातीला शुद्ध केलेल्या पाण्यावर शून्य करा, प्रत्येक थेंबानंतर लोलक पाण्याने धुऊन मऊ कागदाने टिपा, घासू नका. आणि नवं यंत्र आणलं की पहिल्याच दिवशी ग्रॅमच्या काट्यावर 10 ग्रॅम साखर आणि 90 ग्रॅम पाणी तोलून, पुरतं विरघळवून त्यावर घाला. आकडा 9.8 ते 10.2 च्या बाहेर गेला तर शून्य पुन्हा करून, साखर पुन्हा तोलून बघा. तरीही बाहेरच गेला तर पावतीसकट दुकानदाराकडे जा.